दोन पट्ट्यांचा माल

गारखेड्यातल्या साहेबांच्या घराच्या फाटकावर पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हते. पांढऱ्या पत्र्यावर गेरूच्या रंगाचे दोन आडवे पट्टे, एवढेच. नवा पोस्टमन आला की आठ-पंधरा दिवस त्यांची पत्रे शेजारी पडत. शेजारच्या बाई ती आणून देत आणि साहेब, आता तरी नाव टाका, असे दर वेळी सुचवत. ते पत्रे घेत, आभार मानत आणि पाटी तशीच ठेवत.

टेलिफोन खात्यातली नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक लहान शेड घेतली होती. तिथे ते व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवत. विजेचा दाब तेव्हा दिवसातून अनेकदा वरखाली होई आणि टीव्ही नुकते घरोघर येऊ लागले होते. टीव्हीखाली स्टॅबिलायझर ठेवल्याशिवाय कोणी बटण दाबत नसे. वाळूजला मोठे कारखाने उभे राहत होते, पण चिकलठाण्याच्या लहान शेडमध्ये खरी गर्दी होती ती असल्या खोक्यांची. मी एका दैनिकात उद्योगाच्या आणि बाजारभावाच्या बातम्या करत असे, त्यामुळे त्यांच्याकडे जाणे-येणे झाले.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत. शेडच्या क्रमांकाने मारत. नऊला सांगा पत्रा पातळ आलाय. बाराचा फोन आला तर मी जेवतोय म्हणा. माझ्याकडे शेड नव्हती, म्हणून मला ते 'पेपर' म्हणत. बायकोला फोनवर 'घर' म्हणत. त्यांच्या लग्नातली गोष्ट त्यांच्या पत्नीनेच मला हसत सांगितली होती. घास भरवताना नाव घ्या म्हणून सगळे मागे लागले. नवरदेव अर्धा तास घास हातात धरून बसून राहिले. शेवटी मामांनी तो घास काढून घेतला आणि पंगत बसवली.

या सवयीचे कारण मी एकदा विचारले. ते म्हणाले, "एक्स्चेंजमधी इतकी वर्षं काढली. नंबर जोडला की बोलणं व्हतं. नाव-गाव इचारत बसलो असतो तर एक लाइन लागली नसती."

त्यांचा जन्म पैठणकडच्या मेंढपाळ घरातला. दौलताबादच्या किल्ल्यावर पाहुण्यांना नेले तरी ते वर न जाता खाली चरणारी मेंढरे बघत बसत, असे त्यांचे मित्र सांगत. पुढे त्यांनी धंद्यात आणलेल्या सामाईक खुणेची सारी कल्पना मेंढरांतूनच आली होती. त्यांच्या लहानपणी पाच-सहा घरांची मेंढरे एकत्र निघत. प्रत्येकाचे आपापले जनावर आपापल्याला ओळखू येई, पण पाठीवर रंगाचा पट्टा सगळ्यांना एकच. खतासाठी शेतात कळप बसवून घेणारा शेतकरी तो पट्टा बघून बोलावणे करी. वीस मेंढरे घेऊन एकटा गेलेल्याला कोणी दारात उभे करत नसे.

चिकलठाण्यातली स्थिती वीस मेंढरांचीच होती. अकरा शेड स्टॅबिलायझर, चार्जर आणि पंपाचे स्टार्टर बनवत. एकाने मालाला मुलीचे नाव दिले होते, दुसऱ्याने कुलदैवताचे, तिसऱ्याने एक इंग्रजी शब्द, ज्याचा अर्थ त्यालाही सांगता येत नव्हता. तालुक्याचे दुकानदार एकाचा माल दुसऱ्याला दाखवून भाव पाडत आणि शेवटी मुंबईचा माल ठेवत. ह्या अकरा जणांना साहेबांनी एकत्र आणले. एकच खूण, एकच तपासणी आणि कोणाचाही माल बिघडला तरी जवळच्या सभासदाने तो दुरुस्त करून द्यायचा, असे ठरले. खुणेखाली नाव काय टाकायचे, एवढेच ठरायचे राहिले.

ते तीन बैठकांत ठरले नाही. त्या आठवड्यांत विद्यापीठाच्या नावावरून शहर पेटलेले होते. नामांतराचा ठराव होऊन वर्षे लोटली होती आणि अंमल झाला नव्हता. खेड्यांत घरे जळाली होती, माणसे गेली होती. क्रांती चौकातून कधी या बाजूचा, कधी त्या बाजूचा मोर्चा निघे. सकाळी मी मोर्चाची बातमी करी आणि दुपारी या बैठकीला जाई. बैठकीत सगळ्यांचे मत एकच होते, की शहरातले लोक नावासाठी उगाच डोकी फोडतात. ते सांगून झाल्यावर ते पुन्हा स्टॅबिलायझरच्या नावावर येत. तिसऱ्या बैठकीत बारा नंबरने खुर्ची उचलली होती.

तेव्हा साहेबांनी निकाल दिला की नावच नको. गेरूचे दोन पट्टे आणि कोपऱ्यात शेडचा नंबर. नंबर एवढ्यासाठीच की माल बिघडला तर तो कोणाचा हे कळावे.

बिननावाचा माल कोण घेईल, असे बाराने विचारले.

"मेंढरू नाव सांगतं का?" साहेब म्हणाले.

माल गेला. वर्षभरात तालुक्यांच्या दुकानांतून गिऱ्हाईक 'दोन पट्ट्यांचा' मागू लागले. कोणी कधी न ठेवलेले हे नाव मालाला आपोआप पडले आणि त्याला हरकत घ्यायला साहेबांकडे उपाय नव्हता.

खुणेमागची खरी शक्ती मात्र निराळी होती. वसाहतीत आठवड्यातून एक दिवस वीज बंद असे. त्या दिवशी सगळे सभासद साहेबांच्या शेडमध्ये जमत. याला ते उघडणी म्हणत. प्रत्येकाने आपला परत आलेला सर्वांत वाईट नग आणायचा, सर्वांसमोर तो उघडायचा आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. तो सांगेपर्यंत इतरांनी बोलायचे नाही, ओळखू आली तरीही. साहेब आधी नग कानाजवळ धरून हलवत. आतून काही वाजले तर तोंड वाईट करत आणि काही न बोलता मालकापुढे ठेवत. नऊ नंबर पत्र्याचे डबे बनवी. तो जुन्या शहरातला, दखनी बोलणारा. एकदा डबा उघडून तो म्हणाला, "मेरेच पत्रे की धार रह गई साब, वायर कट गई. कॉइलवाले की गलती नै." कॉइलवाला शेजारीच बसला होता आणि आठवडाभर शिव्या खात होता. शत्रुत्व संपवायचा इतका स्वस्त प्रकार मी नंतर कोणत्याही संघटनेत पाहिला नाही. मोठ्या कारखान्यांचे व्यवस्थापक एकदा उघडणी बघायला आले. फार प्रभावित झाले आणि आपल्याकडे हे चालणार नाही असे म्हणून गेले.

सतरा नंबर वयाने सर्वांत लहान होता. डिप्लोमा झालेला, कॉइल गुंडाळण्यात पक्का. छावणीच्या पलीकडच्या एका दलित वस्तीत राहणारा. वस्तीतल्याच सहा बायका त्याच्या शेडमध्ये कॉइल भरत. उघडणीला तो बहुतेक वेळा रिकाम्या हाताने येई, कारण त्याचा माल परत येत नसे. साहेबांना हे आवडत नसे. चूक न आणणारा माणूस शिकत नाही, असे त्यांचे मत होते. पण नवीन सभासदाला ट्रान्सफॉर्मर दाखवायचा असला की ते सतराचाच दाखवत.

त्याच्यावर मी लेख लिहिला. लिहू का असे विचारले तेव्हा तो म्हणाला होता, "लिहा. पण कामाचं लिहा." मी त्याची वस्ती लिहिली, जात लिहिली, बाप काय काम करी ते लिहिले, आणि शेवटच्या परिच्छेदात काम लिहिले. छायाचित्रात तो शेडच्या दारात उभा होता आणि डोक्यावर ठळक अक्षरांत सतरा. लेख चांगला झाला असे सर्वांनी सांगितले. संपादकांनी तो दुसऱ्या पानावरून पहिल्यावर घेतला.

दीड महिन्याने सतराचा माल परत येऊ लागला.

पुढच्या उघडणीला त्याने चार नग आणले. एकेक उघडला, जोडला, बॅटरीवरच्या मीटरने तपासला. मग पुन्हा तपासला. नियमाप्रमाणे कोणी बोलले नाही. तो म्हणाला, "साहेब, मला माजी चूक सापडंना." साहेबांनी चारही नग कानाला लावले आणि खाली ठेवले. शेवटी नऊ नंबरनेच नियम मोडला. "माल में कुछ नै है साब. नंबर में है."

ज्या तालुक्याच्या गावाहून सर्वांत जास्त नग परत आले होते तिथे साहेब दुसऱ्या दिवशी एसटीने गेले आणि मलाही सोबत घेतले. दुकानदार बोलायला गोड होता. त्याने चहा मागवला. त्याने सांगितले की त्याचे स्वतःचे असे काही नाही, तो भेद मानत नाही, पण आजूबाजूच्या गावांत वातावरण तापलेले आहे आणि गिऱ्हाईक खोके उलटे करून नंबर बघते. नंबर कोणाचा हे गिऱ्हाइकाला कसे कळले, असे साहेबांनी विचारले. दुकानदाराने गल्ल्याच्या खालून घडी घातलेले वर्तमानपत्र काढून टेबलावर ठेवले. लेख माझा होता. लेखकाचे नाव खाली छापलेले होते, पण मी कोण हे दुकानदाराला माहीत नव्हते आणि साहेबांनी सांगितले नाही.

परतीची एसटी दोन तासांनी शहरात पोचली. बसस्थानकावर उतरल्यावर साहेब म्हणाले, "लाइनीत एक आवाज ओळखू यायला नको असला, तर सगळीकडून तोच आवाज सोडायचा. मंग कोणाला काय कळतंय."

त्यांचा उपाय असा होता की अकराही शेडनी मालावर एकच नंबर छापायचा. सतरा.

बैठकीत मला विरोधाची अपेक्षा होती आणि तो फारसा झाला नाही. नऊने लगेच मान डोलावली. बाराला तत्त्वाशी कर्तव्य नव्हते, पण सतराच्या मालाची तक्रार सर्वांत कमी असते हे त्याला ठाऊक होते, आणि तो नंबर फुकट मिळत होता. दोघे-तिघे घरी विचारून सांगतो म्हणाले आणि घरी न विचारता हो म्हणाले. सतराला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तो कोपऱ्यात बसला होता आणि सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता.

उपाय लागू पडला. दुकानदार खोकी उलटी करत आणि सगळ्यांवर सतरा बघून ठेवून घेत. काही जण म्हणू लागले, की लेख खोटाच असणार, सतरा हा मॉडेलचा नंबर असेल. सतराचा माल पुन्हा जाऊ लागला. वस्तीतल्या सहाही बायका कामावर राहिल्या. साहेब त्या दिवसांत इतके खूश होते की त्यांनी मला 'पेपरवाले' म्हटले, ही त्यांच्याकडची बढती होती. मीही याची बातमी करणार होतो. त्यांनी करू दिली नाही आणि ते बरोबर होते.

जे व्हायचे होते ते उघडणीत झाले. नंबर एकच झाल्यावर परत आलेला नग कोणाचा हे कळेना. पहिल्या आठवड्यात मध्ये ठेवलेल्या सात नगांपैकी तीन कोणी आपले म्हणेना. पुढच्या वेळी पाच. जुन्या सवयीने सगळे गोल बसत, नग मध्ये असत आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघे. आपली चूक आपण सांगायच्या ज्या एका सवयीवर सगळी संघटना उभी होती, ती चांगल्या मनाने, एकमताने आणि तीन महिन्यांत बंद पडली. साहेब टेलिफोन खात्यातले होते. लाइनमधला दोष शोधायला नंबर लागतो, हे त्यांना वसाहतीतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होते. तरी हे त्यांच्या लक्षात आले नाही. किंवा आले असेल आणि त्यांनी पत्करले असेल. ते विचारायला मला कधी सोयीचे झाले नाही.

दुकानांतून आता तक्रार येऊ लागली, की सतराच्या मालात दम राहिला नाही.

मग एका उघडणीला सतरा उभा राहिला. कपाट भरेल इतके नग मध्ये पडलेले होते. त्याने त्यांतले सहा बाजूला काढले आणि सांगितले की ही कॉइल त्याच्या हातची नाही, आणि कोणाची आहे हे तो वेढ्यावरून सांगू शकतो, पण सांगणार नाही. पुढच्या महिन्यापासून तो आपल्या खोक्यावर नंबर छापणार नव्हता. नाव छापणार होता. पूर्ण, आडनावासकट.

बारा म्हणाला, "अरे बाबा, तुझ्यासाठीच तर केलं ना हे सगळं."

"व्हय. माज्यासाठी केलं," सतरा म्हणाला. "मला न इचारता."

साहेबांनी त्याला खाली बसायला सांगितले. तो बसला नाही. मग त्यांनी शांतपणे समजावले, की नाव आले की मागोमाग जात येते, गाव येते, आणि कळप फुटतो. खूण टिकवायची असेल तर नाव नको. ते नेहमी बोलत तसेच बोलत होते.

सतरा म्हणाला, "साहेब, तिकडं लोक एका नावासाठी लाठ्या खायलेत. माजा भाऊ दोन येळा आत जाऊन आला. आन् मी इथं माजं नाव झाकून धंदा करतो. तुमी मला वाचिवलं, नाय म्हणत नाय. पण मी मेंढरू नाय. शेड माजी हाय, कॉइल माजी हाय. माल परत यायचा तर माज्या नावानं येऊ द्या. तेवढं तर माजं असू द्या."

नऊने विडी पेटवली आणि लगेच विझवली. साहेबांनी खुणेचा नियम वाचून दाखवला. पट्ट्यांसोबत नाव चालणार नाही. सतराने नियम मान्य केला आणि पट्टे सोडले. मतदान झाले नाही, भांडण झाले नाही.

दोन पट्ट्यांचा माल त्यानंतर दीड-दोन वर्षे दिसत होता. सभासदांनी आपापले जुने नंबर परत घेतले, पण उघडणीला नगांपेक्षा कारणे जास्त येऊ लागली. एकाने वाळूजच्या मोठ्या कारखान्याचे काम धरले, दुसऱ्याने मुंबईच्या मालाची एजन्सी घेतली. आज शहरात उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांची बोधचिन्हे आहेत, सामाईक ब्रँडवर वातानुकूलित सभागृहांत चर्चासत्रे होतात. एका चर्चासत्रात मी बसलो होतो. वक्त्याने सांगितले की या भागात असा प्रयत्न पूर्वी झालेला नाही.

सतराने पट्टे सोडले त्याच महिन्यातली एक हकीकत सांगायची राहिली.

त्याची नावाची पहिली दहा खोकी तयार झाली. ती कोणी मागवलेली नव्हती. साहेब सकाळी त्याच्या शेडवर गेले, दहाही नग स्वतः तपासले आणि एसटीच्या टपावर चढवून त्याच तालुक्याच्या गावाला निघाले. जाताना मला दैनिकाच्या दारातून उचलले. तू बघायला पाहिजे, एवढेच म्हणाले. त्यांनी मला अरे-तुरे केलेली ही एकच वेळ.

दुकानदाराने पुन्हा चहा मागवला. खोक्यांवर पट्टे नाहीत हे त्याने पाहिले आणि विचारले की मग यात साहेबांचे काय. तपासणी मी केली, असे त्यांनी सांगितले. मग एक खोके फिरवून त्याच्यापुढे ठेवले.

"वाचा," ते म्हणाले.

दुकानदार हसला. वाचले की, म्हणाला.

"मोठ्यानं वाचा. गिऱ्हाइकाला सांगावं लागंल तुमाला."

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइके होती. दुकानदाराने चष्मा लावला. तीन शब्द होते. पहिले दोन त्याने सहज वाचले. तिसऱ्याशी थांबला, बाहेर रस्त्याकडे पाहिले.

"पुढं," साहेब म्हणाले.

त्याने आडनाव वाचले. हळू, पण वाचले. साहेबांनी मान हलवली, जणू लाइन लागल्याची खात्री झाली. किती ठेवता, असे विचारले. दुकानदार खोक्यांकडे बघत चार म्हणाला.

उरलेली सहा घेऊन आम्ही संध्याकाळी चिकलठाण्याला आलो. सतरा दारातच होता. साहेबांनी त्याला चार ठेवल्याचे सांगितले आणि दुकानदाराला नाव मोठ्याने वाचायला लावल्याचेही सांगितले. त्यांना त्याचे समाधान वाटत होते आणि ते लपत नव्हते.

सतराने सहा खोकी एकेक करून आत नेली. मग बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, तुमचं लई उपकार. पण पुढच्या खेपंला मी जातो. त्यानं वाचायची गरज नाय. मी सांगन."

साहेबांना हे अपेक्षित नव्हते. त्यांनी विचारले, "नग किती नेणार?"

"दहाच."

"आन् चारच ठेवले तर?"

"तर सहा परत आणीन," सतरा म्हणाला आणि कॉइलच्या मशीनकडे गेला.